बरोबरीसाठी खेळणारा संघ मला नको

पाचवा गोल होर्हे पेरेरा दियाझने मारला. 29 मार्च 2025, बंगळुरूचं कंटीरवा स्टेडियम, आयएसएलच्या बाद फेरीचा सामना. बंगळुरू एफसी पाच, मुंबई सिटी शून्य. दियाझ निळ्या जर्सीतच होता, पण ती निळी जर्सी बंगळुरूची होती. त्याआधी वर्षसुद्धा झालं नव्हतं, 4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर अंतिम सामन्यात मुंबई एका गोलने मागे असताना याच माणसाने बरोबरी साधून दिली होती. पुढे बिपिन सिंगने आणि याकुब वोइतुशने गोल केले, मोहन बागानला त्यांच्याच घरात 3-1 असं हरवून मुंबईने चषक उचलला. तो चषक उचलणारा कर्णधार राहुल भेके होता. मुंबईत जन्मलेला, मुंबईत घडलेला. मार्च 2025 मध्ये तोही बंगळुरूचा होता. मधल्या फळीचा श्वास असलेला आल्बेर्तो नोगुएरा, तोही बंगळुरूचा.

त्या पाच गोलांपेक्षा मला जास्त चीड आली ती पुढच्या पंधरवड्यात. 12 एप्रिलला अंतिम सामना झाला मोहन बागान आणि बंगळुरू यांच्यात. एका बाजूला भेके, नोगुएरा, दियाझ. दुसऱ्या बाजूला अपुइया आणि ग्रेग स्टुअर्ट. अपुइया 2024 च्या उन्हाळ्यापर्यंत मुंबईचा होता. स्टुअर्ट त्याच वर्षीच्या जानेवारीत, ऐन मोसमाच्या मध्यावर मुंबई सोडून गेला होता. बागान त्या अंतिम सामन्यात पोहोचलाच अपुइयाच्या गोलमुळे. 7 एप्रिलला जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाईच्या वेळेत त्याने बॉक्सच्या बाहेरून चेंडू जाळ्यात ठोकला. देशातल्या सर्वात मोठ्या सामन्यात दोन्ही बाजूंना मुंबईने हातचे घालवलेले खेळाडू, आणि मुंबई घरी. एखाद्या क्लबच्या कारभारावर याहून कठोर शेरा मला लिहिता येणार नाही.

मी बेटेगावचा. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, चिल्हार रस्त्यावरचं आमचं गाव. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला आणि मुंबई सिटी क्लब स्थापन झाला त्याच महिन्याच्या 30 तारखेला. म्हणजे आमचा जिल्हा आणि हा क्लब बरोबरीचे. आमच्याकडे पहिल्या श्रेणीचा दुसरा संघ नाही, म्हणून आम्ही यालाच आपला मानलं. तारापूर एमआयडीसीत पाळीत काम करणारा माणूस अंधेरीला सामना बघायला जातो म्हणजे काय करतो, हे क्लबच्या गणितात कुणी धरतं का? पाळी बदलून घ्यायची, डहाणू लोकल धरायची, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा करत विरारच्या पुढे लोंबकळत अंधेरी गाठायची, तिथून मेट्रोने आझाद नगरला उतरून शहाजीराजे संकुलात शिरायचं. साडेसातचा सामना. संपल्यावर परतीच्या गाडीसाठी धावायचं. घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र आणि सकाळी पुन्हा पहिली पाळी. हे सगळं माणूस हौसेने करतो. पण नव्वद मिनिटं त्याने काय बघायचं? गोलरक्षकाकडून स्टॉपरकडे, स्टॉपरकडून दुसऱ्या स्टॉपरकडे, तिथून पुन्हा गोलरक्षकाकडे. पुढे आमचा विंगर छांगटे उजव्या कडेला हात वर करून उभा, आणि चेंडू त्याच्यापर्यंत येतो तोवर समोर दोन बचावपटू पाय रोवून तयार.

2024-25 चा मोसम मी असाच पाहिला. यॉएल वान नीफ हा मधल्या फळीतला चांगला पास देणारा माणूस, पण तो चेंडू घ्यायला इतका मागे यायचा की तिरी आणि मेहताब सिंग यांच्यामधला तिसरा स्टॉपर वाटायचा. बांधणी मागून करायची, हे तत्त्व मला मान्य आहे. पण मागून बांधणी करण्याचा हेतू एकच असतो: प्रतिस्पर्ध्याला वर खेचायचं आणि त्याच्या पाठीमागे मोकळी पडलेली जागा फोडायची. ती जागा फोडणारा पास देण्याची हिंमत कुणी करणारच नसेल, तर ती बांधणी राहत नाही, नुसता वेळकाढूपणा होतो. चेंडूचा ताबा जास्त आमच्याकडे होता, असं सामन्यानंतर सांगितलं जातं. कुठे होता तो ताबा? स्वतःच्या अर्ध्यात.

कुणी म्हणेल, आक्रमक खेळून हरण्यापेक्षा सांभाळून खेळून गुण मिळवलेले बरे. मग गुणांचाच हिशेब करू. 2024-25 मध्ये मुंबई सिटीचे 24 सामन्यांत 9 विजय, 9 बरोबऱ्या, 6 पराभव. 36 गुण, सहावा क्रमांक. त्या 9 बरोबऱ्यांनी दिले फक्त 9 गुण. त्याच नऊ सामन्यांत जिवावर उदार होऊन खेळले असते आणि त्यातले पाच चक्क हरले असते, पण चार जिंकले असते, तर 12 गुण झाले असते. एकूण 39. तिसऱ्या क्रमांकावरच्या बंगळुरूचे 38 होते. तिसऱ्या आणि सहाव्या क्रमांकाची गाठ बाद फेरीत पडते आणि सामना होतो वरच्या क्रमांकाच्या घरी. म्हणजे मुंबईचा बाद फेरीचा सामना कंटीरवावर न होता अंधेरीत होऊ शकला असता. विजयाला तीन गुण देण्याचा नियम जगभर आणला तो संघांनी जिंकायला खेळावं म्हणूनच. बरोबरीत समाधान मानणारा संघ दर वेळी दोन गुण टाकून देतो आणि त्याला शहाणपण म्हणतो.

गोल बघा. 2022-23 मध्ये मुंबईने लीगच्या 20 सामन्यांत 54 गोल केले. 2024-25 मध्ये 24 सामन्यांत 29. चार सामने जास्त, गोल जवळजवळ निम्मे. तो 2022-23 चा संघ डोळ्यांपुढे आणा. डेस बकिंगहॅमच्या हाताखाली सलग 18 सामने अपराजित. अहमद जाहू खोलवरून एकच लांब तिरका चेंडू टाकायचा आणि पलीकडच्या कडेला बिपिन किंवा छांगटे आधीच धावत सुटलेला असायचा. दियाझ खाली उतरून स्टॉपरला जागेवरून हलवायचा, त्या भगदाडात स्टुअर्ट शिरायचा. 11 फेब्रुवारी 2023 ला गोव्याला 5-3 ने हरवून शील्ड, म्हणजे साखळीतल्या अव्वल स्थानाचा मान, पक्की केली. तीन गोल खाल्ले म्हणून कुणी डोकं धरून बसलं नाही, कारण पाच मारले होते. बोईसर ते अंधेरी प्रवासाचा शीण त्या संघाने कधी जाणवू दिला नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर मला बचावाचा शत्रू ठरवलं जाईल. बचाव करणं वेगळं, भिणं वेगळं. 2016 मध्ये अलेक्झांद्र गिमाराइसच्या मुंबई सिटीने साखळीच्या 14 सामन्यांत फक्त 8 गोल खाल्ले आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा गुणतालिकेत अव्वल आली. तो संघ मागे घट्ट होता, पण चेंडू मिळाला की फोर्लान, छेत्री आणि सोनी नॉर्डे यांच्यापर्यंत क्षणात पोहोचवत होता. मागे थांबायचं ते पुढे झेपावण्यासाठी.

आणि गरिबाचा बचाव तर मला पूज्यच आहे. जुन्या मुंबई एफसीची आठवण असणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. 2007 मध्ये सुरू झालेला तो क्लब 2008 पासून 2017 पर्यंत आय-लीगच्या वरच्या श्रेणीत टिकला. पैसा तुटपुंजा, नावाजलेले खेळाडू नाहीत, कूपरेज बंद असताना घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. खालिद जमील या माणसाने 2009 पासून सात वर्षं तो संघ चालवला. मागे दोन फळ्या गच्च लावायच्या, मोठ्या क्लबांना जागा द्यायची नाही, सेटपीसवर एक गोल मिळाला तर मिळाला. लोक म्हणायचे, बघवत नाही. पण त्या खेळात लाचारी नव्हती. गोवा आणि कोलकात्याच्या श्रीमंत क्लबांपुढे श्रेणीतून खाली न ढकलले जाणं हीच त्या पोरांची लढाई होती आणि ती ते प्रामाणिकपणे लढले. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सांभाळून खेळावं, त्याला मी सलाम करतो. मँचेस्टर सिटीच्या मालकांचा 65 टक्के हिस्सा असताना या क्लबने तसं खेळावं, याला माझ्याकडे क्षमा नाही. सातपाटीचा तांडेल होडीत डिझेल भरून, बर्फ भरून खोल समुद्रात निघतो आणि धक्का दिसेनासा व्हायच्या आतच जाळं टाकतो, असं कधी होतं का?

भीती काय करते याचा पुरावा मला 2024 च्या त्याच कोलकात्यातून द्यायचा आहे. 15 एप्रिल 2024, साखळीचा शेवटचा सामना, मोहन बागान विरुद्ध मुंबई. मुंबईचे 47 गुण, बागानचे 45. शील्डसाठी मुंबईला बरोबरी पुरेशी होती. मुंबई 1-2 अशी हरली. मुंबईचा एकमेव गोल आला 89 व्या मिनिटाला, छांगटेचा, तोवर बागानचे दोन झाले होते. 19 दिवसांनी तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, जवळपास तोच संघ, पण या वेळी बरोबरीला काहीच किंमत नव्हती. जिंकले 3-1. बरोबरी पुरेशी असते तेव्हा पाय जड होतात आणि जिंकणं भाग असतं तेव्हा तेच पाय धावतात, याचा याहून मोठा दाखला कोणत्या प्रशिक्षकाला हवा आहे? या विजयातून जो धडा घ्यायचा तो प्रशिक्षक पेत्र क्रात्की आणि क्लबने घेतलाच नाही. त्या विजयाचे शिल्पकार मात्र उन्हाळ्यात एकेक करून बाहेर पडले.

इथे खेळाडूंच्या ये-जा करण्याबद्दल बोलायला हवं. ये-जा हा माझा आक्षेप नाही. 2020 मध्ये मुंबई सिटीने स्वतः काय केलं? प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला आणलं आणि त्याच्या मागोमाग गोव्यातून अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मुर्तादा फॉल, मंदार राव देसाई असे एकामागून एक खेळाडू आणले. एफसी गोवाने आदल्या मोसमात शील्ड जिंकली होती, त्या संघाचा कणाच उचलून आणला. गोव्यातल्या लोकांना राग आला असेल, रास्तच होता. पण ती खरेदी जिंकण्यासाठी होती. 2021 मध्ये शील्डही आली आणि चषकही आला. खेळाडू घेताना संघाला धार येणार की नुसती जागा भरणार, एवढंच मी बघतो.

2024 नंतर मुंबईने जागा भरल्या. गेलेल्यांची यादी मी वर दिलीच आहे. आलेल्यांत ब्रँडन फर्नांडिससारखा कसलेला खेळाडू होता, वान नीफ होता, कारेलिस होता. एकेकटे वाईट नव्हते. पण कर्णधार, मुख्य स्ट्रायकर, मधल्या फळीतले दोन आधार एका उन्हाळ्यात गेले की मागे राहिलेल्यांना एकमेकांच्या धावा माहीत नसतात. कुणी कुठे धावेल याची खात्री नसली की माणूस पुढे पास देत नाही, बाजूला देतो. मला वाटतं मुंबईच्या सावध खेळाचं मूळ इथे आहे. प्रशिक्षकाच्या फळ्यावर तो नंतर आला, आधी तो करारांच्या टेबलावर ठरला. छांगटेने डोळे मिटून धाव घ्यावी आणि चेंडू तिथे यावा, यासाठी जाहू हवा असतो, किंवा नव्या माणसाबरोबर घालवलेली दोन-तीन वर्षं हवी असतात. क्लबने दोन्ही दिलं नाही. बंगळुरूत नवव्या मिनिटाला पहिला गोल खाल्ला तेव्हा सामना उलटवेल असा एकही माणूस मला दिसला नाही. शून्य-शून्य राखण्यासाठी घडवलेल्या संघाकडे शून्य-एकवर उत्तर नसतं. अठरा दिवसांपूर्वी याच मैदानावर याच संघाला मुंबईने 2-0 ने हरवलं होतं, म्हणजे अंगात ताकद नव्हती असंही म्हणता येत नाही.

मला सांगितलं जाईल की करार संपले, खेळाडूंनी जास्त पैसे मागितले, पगाराला कमाल मर्यादा आहे, एका मर्यादेपलीकडे कुणाला अडवता येत नाही. हे सगळं खरं आहे. तीच मर्यादा बागानलाही आहे आणि बंगळुरूलाही. मग आमच्याकडून निघालेले लोक त्यांच्याकडेच का पोहोचतात? 2025 च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मेहताब सिंग मोहन बागानमध्ये गेला. बिपिन सिंग ईस्ट बंगालमध्ये गेला. बिपिन 2018 पासून या क्लबात होता. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात 90 व्या मिनिटाला गोल मारून क्लबला पहिला चषक मिळवून देणारा माणूस. ज्या क्लबात बिपिन राहू शकत नाही, त्या क्लबात नव्या पोराने कशाच्या भरवशावर जीव ओतायचा?

आपल्या मुलांचं तर विचारूच नका. जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही मुंबई एफसीत घडलेली मुंबईची पोरं. खालिद जमील मुंबई सोडून मिझोरामच्या ऐझॉलला गेला, ही दोघंही गेली, आणि एप्रिल 2017 मध्ये ऐझॉलने आय-लीग जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली, श्रेणीतून खाली घसरली आणि क्लबच बंद झाला. मुंबईचा कोच, मुंबईची पोरं, आणि विजेतेपदाची मिरवणूक ऐझॉलच्या डोंगरातल्या रस्त्यांवर. त्याआधी 2010 मध्ये महिंद्राने आपला संघ गुंडाळला होता, ज्या संघाने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून मुंबईला देशात मान मिळवून दिला होता. अमेय रानवडे 2021 च्या त्याच अंतिम सामन्यात टक्कर होऊन डोक्याला मार लागल्याने मैदानातून थेट रुग्णवाहिकेत गेला. विजेत्या संघाचा मराठी मुलगा. दोन वर्षांनी तो ओडिशाला. या शहराला आपली माणसं तयार करता येतात, टिकवता येत नाहीत, आणि याची लाज कुणाला वाटत असल्याचं मला दिसत नाही.

याचा परिणाम आमच्यापर्यंत येतो. भातकापणी झाली की बेटेगावात, मानमध्ये, आसपासच्या पाड्यांवर खाचरं मोकळी होतात आणि पोरं चेंडू घेऊन उतरतात. अनवाणी, सुकलेल्या सडांवरून. आदिवासी पाड्यावरची ती पोरं एवढी चपळ असतात की एका वळणात दोघांना मागे टाकतात. आणि कडेला उभा असलेला त्यांचा दादा ओरडतो, सेफ खेळ, मागे दे. त्याने हे कुठे पाहिलं? टीव्हीवर, मोबाइलवर, अव्वल श्रेणीच्या संघात. बारा वर्षांच्या पोराला मागे दे म्हणून सांगणं हा मी गुन्हा मानतो. त्या वयात चेंडू गमावण्याची मुभा नसेल तर समोरच्याला चकवून जायचं तो कधी शिकणार? मग आपण विचारतो की देशाला गोल मारणारे का मिळत नाहीत. 14 ऑक्टोबर 2025 ला फातोर्ड्यात सिंगापूरविरुद्ध छांगटेने 14 व्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. भारत 1-2 हरला आणि 2027 च्या आशिया चषकाचा दरवाजा बंद झाला. कोच होता तोच खालिद जमील. आघाडी राखायला निघालेला संघ दुसरा गोल शोधत नाही, आणि दुसरा गोल शोधण्याची सवय लहानपणीच लागते.

डिसेंबर 2025 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबईतून अंग काढून घेतलं. नोव्हेंबर 2019 मध्ये आले, लीगच्या भवितव्याचा ठिकाणा नाही म्हणून गेले. त्यांच्या काळात शील्ड दोनदा आली, चषक दोनदा आला, एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला 2-1 हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये विजय मिळवणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळाला. हे मी नाकारत नाही. पण लोबेराला त्यांनीच आपल्या चीनमधल्या क्लबात हलवलं आणि बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये, मोसम निम्म्यावरही आलेला नसताना, इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ऑक्सफर्डला गेला. मोठ्या साखळीतला एक दुवा म्हणूनच मुंबईकडे पाहिलं गेलं. आता क्लब पुन्हा इथल्या मूळ मालकांच्या हातात आहे. आता सबब परदेशात नाही.

14 फेब्रुवारी 2026 पासूनची लीग जाहीर झाली ती एकेरी फेरीची. 14 संघ, प्रत्येकाला 13 सामने. चोवीस सामन्यांत वाया घालवलेले गुण पुढे कुठेतरी भरून काढता येतात, तेरात नाही. इथे तीन-चार बरोबऱ्या झाल्या की शर्यत संपली. प्रशिक्षकाने मधल्या फळीला पंधरा मीटर वर ढकलावं. छांगटेला चेंडू तो धावत असताना द्यावा, थांबल्यावर नाही. गोल खाल्ला तर खाल्ला, पण पहिल्या अर्ध्या तासात समोरच्याच्या बॉक्समध्ये पाच माणसं दिसली पाहिजेत. आणि मालकांनी छांगटेसकट ज्यांच्यावर संघ उभा आहे त्यांचे करार उन्हाळ्याची वाट न बघता मोसम चालू असतानाच वाढवून जाहीर करावेत, म्हणजे जूनमध्ये कोलकात्याहून फोन येईल तेव्हा देण्यासारखं उत्तर त्यांच्याकडे असेल.